माईकवरची प्रार्थना

२ फेब्रु., रविवार

चर्चला गेलो. मार्था हॉस्पिटलात पोरीजवळ, रूथजवळ थांबली. म्हणाली, "आज कशाला जाताय?" म्हटलं, प्रभुभोजन आहे. खरं कारण ते नव्हतं. तिथे व्हरांड्यात बसून राहिलो असतो तर काहीतरी फोडलं असतं.

विल्सनने माईकवर रूथसाठी प्रार्थना केली. "आमची लेक रूथ" म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. बायका रडायला लागल्या. मीपण. हा माणूस माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा होता. रूथच्या बाप्तिस्म्याला त्यानेच केक आणला होता. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झाला तरी बदलला नाही.

चार दिवस झाले, गाडीवाल्याचा पत्ता नाही. इंडस्ट्रियल इस्टेटच्या वळणावर, संध्याकाळी, चांगल्या उजेडात. पोरगी दाताच्या क्लिनिकमधल्या कामावरून सुटून चालत घरी येत होती. उडवलं आणि पळाला. शहाळीवाल्याने आणि एका रिक्षावाल्याने उचलून नेलं. चारकोपचे पोलीस म्हणतात कॅमेरा बंद होता, पांढरी गाडी एवढंच कळलंय. अर्धी मुंबई पांढऱ्या गाड्यांतून फिरते.

प्रभू, तो मला भेटव. बाकी काही मागत नाही.

५ फेब्रु.

ऑपरेशन झालं. उजव्या पायात रॉड. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "पप्पा, आता एअरपोर्टवर मी वाजणार." विमानात बसलीय कधी? हसवायला बघत होती मला. हिला कोणी सांगितलंय आम्हाला हसवायला.

सुहास वहिनींचा डबा आला. मटणाचं कालवण, ज्वारीच्या भाकरी, वेगळ्या डब्यात रूथसाठी मऊ भात. मार्था म्हणाली, "विल्सनभाऊंची बायको नसती तर आपण वडापाववर असतो." विल्सन स्वतः अजून आला नाही. बीपी वाढलंय म्हणे.

११ फेब्रु.

जखम चिघळली. ताप. अँटिबायोटिक बदललं, मग पुन्हा बदललं. डॉक्टर नीट बोलत नाहीत, "बघू" म्हणतात.

आज कामावर जावं लागलं, सिरियलवाल्यांनी दुसरा लाइटमन घेतला असता. गोरेगावच्या सेटवर नेमका हॉस्पिटलचाच सीन. हिरॉइनच्या पायाला प्लास्टर, गालावर एक गोंडस ओरखडा. डायरेक्टर ओरडतो, "सॅम, चेहऱ्यावर सॉफ्ट मार, दुखणं दिसलं पाहिजे." मारला सॉफ्ट. कट झाल्यावर बाई उठली आणि चहा प्यायला चालत गेली. दिवा बंद केला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. कोणी काही विचारलं नाही हे बरं.

१५ फेब्रु., शनि.

गुडघ्याखालून कापावा लागेल. नाहीतर विष वर चढेल.

मार्था खालीच बसली. मी डॉक्टरशी भांडलो. आधी का नाही सांगितलं, आधी का नाही बघितलं, सगळं. आतून रूथचा आवाज, "पप्पा, इकडे या. पेन द्या." सही तिने स्वतः केली. मग मला म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा, मला आत्ता तुमचं बघायला जमणार नाही."

बाहेर गेलो.

संध्याकाळपर्यंत झालं. खाली चादर सपाट आहे. नजर तिथेच जाते.

१६ फेब्रु., रवि.

काल पोरीचा पाय गेला आणि आज मी चर्चला गेलो. लोकांना वाटलं केवढा विश्वास. विश्वास कसला. भांडायला गेलो होतो. घरी भांडलो असतो तर भिंतीशी भांडल्यासारखं वाटलं असतं. त्याच्या दारात जाऊन त्याला विचारायचं होतं, ही तुझी पोरगी ना? लहानपणापासून तुझ्यासाठी गात आली ना? मग हात आखडता का घेतलास? रिक्षावाल्याला पाठवलंस, तर एक मिनिट आधी का नाही पाठवलंस?

 गाणी झाली, वचन झालं, बसा-उठा झालं.

बाहेर पडताना शांताबाई हात धरून म्हणाल्या, "देवाची काहीतरी योजना असेल हो." म्हटलं, "असेल, तर त्याने ती दुसऱ्याच्या पायावर करायची होती." हात सोडला त्यांनी. मला वाईट वाटलं नाही.

विल्सनने आजपण रूथसाठी प्रार्थना केली. लांबलचक. त्या गाडीवाल्याचं हृदय मऊ कर म्हणाला. मी मनात म्हटलं, मऊ नको, फोड.

१ मार्च

रूथ घरी. आमचा पहिला मजला, जिना अरुंद. समोरचा कांबळे, त्याचा भाऊ, मी आणि वॉचमन, चौघांनी खुर्चीसकट वर आणली. कांबळेने ऑफिसला दांडी मारली त्यासाठी. मंडळीतून फुलं आली. फुलं जिना चढवत नाहीत.

खालच्या सावंतकाकू लोणी घेऊन आल्या. रूथकडे बघून पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या देवाक डोळे नाय काय, ओ भालेराव?"  मी म्हटलं, "तेच विचारतोय काकू मी पण." काकू म्हणाल्या, "विचारा. सोडू नका." बाई दर मंगळवारी उपास करते, तिलाच माझं कळलं.

६ मार्च, गुरु.

काय लिहू.

सेटवरून आलो तर दारात चपलांजवळ सुहास वहिनींचा डबा उलटा पडलेला. कालवण पायरीवरून ओघळलेलं. मार्था मोरीत नळ सोडून तोंड धूत होती. धूत होती, चूळ भरत होती, पुन्हा धूत होती. मला वाटलं हिचं डोकं फिरलं.

"आपण त्यांचं खाल्लंय, हो," म्हणाली. "महिनाभर तिच्या हातचं खाल्लंय."

गाडी आशिषची. विल्सनच्या आशिषची.

तो स्वतः आला होता दुपारी. मार्था बाजारात गेलेली. दार उघडंच असतं. रूथच्या पलंगाजवळ उभा राहिला आणि सांगून टाकलं. फोन बघत होता गाडी चालवताना. धक्का बसला, कळलं कोणीतरी आहे, घाबरला, पळाला. कोण आहे ते माहीत नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेची विनंती आली, रूथचं नाव, जागा, वेळ. तेव्हा कळलं. मग बापाला सांगितलं. बापाने गाडी विकली, पार गुजरातेत कुठेतरी. आणि रविवारी माईकवर उभा राहिला.

आमची लेक रूथ.

अजून आहे. बाप त्याला पाळकसाहेबांकडे, आमच्या पास्टरकडे, घेऊन गेला होता. त्याच आठवड्यात. पाळकसाहेब म्हणाले, थांब, योग्य वेळ येऊ दे, तोवर प्रार्थना करत राहू. म्हणजे पहिल्या रविवारी माईकसमोर विल्सन आणि मागे पाळक, दोघांनाही माहीत होतं. आणि मी डोळे मिटून आमेन म्हणत होतो.

पोलिसांकडे निघालो होतो. चपला घातल्या. रूथ म्हणाली, "नाही."

७ मार्च

रूथशी भांडण. पाय नसलेल्या पोरीवर ओरडलो. सावंतकाकूंनी खालून ऐकलं असेल, सगळ्या सेक्टरने ऐकलं असेल.

तिने आशिषला सांगितलंय, "पोलिसांत तू स्वतः जा. तुझ्या तोंडाने सांग. मी तुझं नाव देणार नाही, तू द्यायचंस." तो हो म्हणाला. रडला. पाया पडायला वाकला, मग थांबला. एका बाजूला पायच नाही. (हे रूथनेच सांगितलं. ती हसली सांगताना. मला ते हसू सहन होत नाही.)

"त्याला माफ केलंस तू?"

"नाही. एक संधी दिलीय. माफी मागायच्या लायकीचा होऊ दे आधी."

"आणि नाही गेला तर?"

"संडे स्कूलला मीच शिकवलंय ना ह्याला. जाईल."

मूर्ख पोरगी. माझी पोरगी. डोकं माझ्यावर गेलं असतं तर आज तो लॉकअपमध्ये असता.

९ मार्च, रवि.

मार्था नाही आली. म्हणाली त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मी गेलो. नेहमीच्या जागी बसलो, डावीकडे, पंख्याखाली. विल्सन सूचना वाचायला उठला, मला बघितलं, कागद खाली पडला.

उपासना संपल्यावर कंपाउंडात बदामाखाली गाठला. लिहून ठेवतो, विसरायचं नाही.

मी म्हटलं, "आशिष कुठे आहे?"

"सॅम, इथे नको. घरी ये."

"तुझ्या घरी? जेवायला?"

"माझा एकुलता एक आहे रे."

"माझीपण एकच आहे. तीपण आता पूर्ण नाही."

तो रडायला लागला. मला त्याच्या रडण्याची किळस आली. आशिषला नगरकडे त्याच्या मामाकडे पाठवलंय. रूथकडे येऊन गेल्याचं कळल्यावर त्याच रात्री गाडीत बसवला. म्हणजे पोरगा खरंच जाणार होता, आणि ह्याने उचलून लपवला.

"तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? खरं सांग."

खरंच विचार केला मी. उभ्या उभ्या. म्हटलं, "माहीत नाही. कदाचित मीपण लपवला असता. पण माईक हातात घेतला नसता, विल्सन. तिचं नाव घेतलं नसतं."

  मारलं नाही. का नाही मारलं ते मलाच कळत नाही.

१२ मार्च

पाळकसाहेब घरी आले. सोबत दोन वडील मंडळी. मार्थाने पाणी दिलं, चहा नाही.

आधी प्रार्थना करू म्हणाले. म्हटलं, "आधी बोलू." मग बोलले. क्षमेबद्दल. सत्तर वेळा सातबद्दल. भावाने भावाला जगाच्या कोर्टात ओढू नये ह्याबद्दल. दिवस किती वाईट आहेत, बाहेर आपल्याकडे टपून बसलेले कमी आहेत का, मंडळीचं नाव पेपरात आलं तर काय होईल ह्याबद्दल. सगळं मऊ आवाजात. वचनं तीच, जी मी लहानपणापासून ऐकली, जी माझ्या आईने मरताना म्हटली. ह्यांच्या तोंडून ऐकताना वाटलं, कोणीतरी आपल्या घरातली वस्तू चोरून आपल्यालाच विकतंय.

म्हटलं, "पाळकसाहेब, माफी अजून कोणी मागितलीच नाही. एका पोराने मागितली, त्याला तुम्ही पळवलात."

"आम्ही पळवलं नाही. आम्ही वाट बघत होतो."

"कशाची? तिला दुसरा पाय फुटायची?"

तेवढ्यात आतून रूथ, मोठ्याने, "पाळकसाहेब, माझ्याशी बोला ना. पाय माझा आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. येऊन इतका वेळ झाला तरी एकजणही तिच्या खोलीत डोकावला नव्हता. क्षमा करायची तिने आणि ती मागताय माझ्याकडे! गेले आत. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, दार लोटलं होतं. बाहेर आले तेव्हा पाळकसाहेबांचा चेहरा पडला होता. प्रार्थना न करताच गेले.

रूथला विचारलं काय बोललीस. "विचारलं, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती ना हॉस्पिटलात, तेव्हा मनात काय चाललं होतं. त्यांना सांगता आलं नाही."

१६ मार्च, रवि.

गेलो. पंख्याखाली. माझ्या बाकावर आज कोणी बसलं नाही, पूर्ण बाक माझा. कुजबुज पसरलीय. अर्ध्यांना अर्धं माहीत आहे. मी काही बोललो नाही, रूथने बोलू नका सांगितलंय.

मार्थाचा भाऊ मुलुंडहून आला होता. म्हणाला, "भावजी, आमच्या फेलोशिपला या. एसी हॉल आहे, लोक चांगले आहेत. त्या चोरांत कशाला जाता?"

"मी का जाऊ? मी काय केलं?"

"मग सूड म्हणून तिथे बसणार?"

विचार करायला लावला त्याने. सूड आहे? थोडा आहे. विल्सनला मी दिसलो की घाम फुटतो, ते बघायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तेवढंच नाही. त्या जागी माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आईची शवपेटी तिथूनच उचलली. प्रभूला मी तिथे भेटलोय. आता त्या दोघांनी घाण केली म्हणून मी प्रभूला तिथे सोडून मुलुंडला जाऊ? मी कुठेही जाणार नाही. त्यालापण जाऊ देणार नाही. एकाच बाकावर बसून भांडू.

भाऊ म्हणाला, "तुमचं डोकं ठिकाणावर नाही." डबा ठेवून गेला. मार्थाने आधी हुंगला, मग उघडला. आता ती कोणाचंच पटकन खात नाही.

२४ मार्च

पोलीस स्टेशनच्या फाटकापर्यंत गेलो. रूथला न सांगता. आतला हवालदार ओळखतो आता, "या काका, काही कळलं?" म्हणाला. तोंडावर नाव आलं होतं. आ-पर्यंत.

"नाही. सहज आलो."

परत आलो. रूथ वॉकर घेऊन पलंग ते खिडकी चालत होती. घामाघूम. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेला होतात ना?" "हो." "सांगितलंत?" "नाही." तेव्हा बघितलं. "थँक्यू, पप्पा."

थँक्यू काय, थँक्यू! त्याने तिकडे शेतात उसाचा रस पीत बसायचं आणि मी इकडे तोंड दाबून. मार्थापण तिच्यावर चिडलीय. जेवणाआधी प्रार्थना आता मीच करतो, मार्था डोळे उघडे ठेवून ताटाकडे बघत बसते. आज मी प्रार्थना लांबवली, रागारागात, देवाला बरंच सुनावलं. संपल्यावर मार्था म्हणाली, "ही बरी होती." भात वाढला.

६ एप्रि., रवि.

प्रभुभोजन. गेल्या महिन्यात घेतलं होतं, तेव्हा काही माहीत नव्हतं. आज भाकर पाळकसाहेबांच्या हातून यायची होती. ताट आलं, पुढे सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाजूच्या रांगेतल्या पोराने चमकून बघितलं.

मन स्वच्छ नसेल तर घेऊ नये असं शिकवलंय. माझं स्वच्छ नाही. ज्यांनी मोडून वाटली त्यांचं आहे?

घरी येऊन रूथला सांगितलं.  म्हणाली, "मी घेतली असती. मला भूक लागलीय त्याची." हे तिचं बोलणं मला अजून झोंबतंय.

१३ एप्रि., रवि.

झावळ्यांचा रविवार. पोरं झावळ्या हलवत आली, गोड दिसत होती.

बोर्डावर गुड फ्रायडेची यादी लागली. क्रुसावरचे सात उद्गार, सात जण बोलणार. पहिला उद्गार, क्षमेचा, विल्सन साळवे. दरवर्षी तोच घेतो, चांगलं बोलतो म्हणून. यादी कोणी बदलली नाही. कोणाला सुचलं नाही की हिंमत झाली नाही?

रूथला सांगायचं नव्हतं. सांगून बसलो. म्हणाली, "मी येणार शुक्रवारी."

१८ एप्रि., गुड फ्रायडे

कांबळे आणि त्याच्या भावाने पुन्हा खुर्ची उतरवली. रिक्षा. मार्था आली, फक्त रूथ येतेय म्हणून. पांढरी साडी नेसली नाही, निळी नेसली.

पोहोचलो तेव्हा चर्च भरलं होतं. रूथ म्हणाली, पंख्याखाली नाही, पुढे. मधल्या वाटेने वॉकरवर गेली. रबराची बुचं फरशीवर वाजत होती. पहिल्या रांगेत, माईकसमोर बसली. सगळं चर्च तिच्या सलवारीच्या गुंडाळलेल्या टोकाकडे बघत होतं.

विल्सन उठला. किती खंगलाय ते आज नीट दिसलं. माईकपर्यंत आला. शास्त्र उघडलं. वर बघितलं तर रूथ.

तोंड उघडलं त्याने. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पानांवर हात फिरवत राहिला, जागा सापडत नसल्यासारखा. पाळकसाहेब पटकन उठले, "आपण गीत घेऊ या," म्हणाले. पेटीवाल्याने सूर दिलादेखील.

रूथ म्हणाली, "थांबा."

मोठ्याने नाही म्हणाली. पेटी थांबली.

"विल्सनकाका, आशिष कुठे आहे?"

बस. एवढंच. आरोप नाही, काही नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनापण त्या क्षणी कळलं. मागून कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. सुहास वहिनी बायकांच्या बाजूला होत्या, त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकलं.

विल्सन म्हणाला, "मी लपवला." माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. "मी लपवला, रूथ. त्याला यायचं होतं. मी लपवला." आणि तिथेच पायरीवर बसला.

मला वाटलं होतं हा क्षण आला की छाती थंड होईल. नाही झाली. अजून पेटली. इतकं सोपं होतं तर फेब्रुवारीत का नाही बोललास, हरामखोरा. (लिहिलं. चर्चच्या दिवशी लिहिलं. राहू दे.)

बाकीचे सहा उद्गार झालेच. कसे झाले माहीत नाही. मार्था रूथचा हात धरून बसली होती. मार्थाने डोळे मिटले होते.

२० एप्रि., रवि.

पुनरुत्थानाचा दिवस. पहाटेच्या उपासनेला गेलो. तीन तऱ्हा दिसल्या. काही जण माझे हात हातात घेऊन नुसते उभे राहिले. काही जण नजर चुकवतात. आणि काही जण म्हणतात तुमच्या मुलीने गुड फ्रायडेची विटंबना केली, शब्द हाच, विटंबना. एका वडील माणसाने तोंडावर सांगितलं. म्हटलं, "त्या दिवशी विटंबना कोणाची झाली होती, ते आठवा जरा."

पाळकसाहेबांनी उपदेशाआधी मंडळीची क्षमा मागितली. आडून आडून. "आमच्याकडून काही उणीव राहिली असल्यास." असल्यास! मी उठून बाहेर गेलो, कंपाउंडात उभा राहिलो, पुन्हा आत आलो. त्यांच्यासाठी नाही आलो.

शांताबाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. योजनेबद्दल काही बोलल्या नाहीत. उकडलेली रंगीत अंडी दिली रूथसाठी.

२९ एप्रि.

विल्सनने सेक्रेटरीपद सोडलं. मंडळीत दोन तट पडलेत. पाळकांना हटवा, नका हटवू. मला दोन्हीकडचे फोन येतात. कोणी विचारत नाही पोरगी कशी आहे.

संध्याकाळी रूथच्या फोनवर आशिष. नगरहून. तिने स्पीकरवर ठेवला.

"रूथताई, पप्पा न्यायला आलेत. मी येतो. सोमवारी."

"कोणासाठी येतोयस?"

 मागे ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाला, "झोप नाही येत मला."

"मलापण नाही येत," रूथ म्हणाली. "सोमवारी ये."

मी म्हटलं, हा नाही येणार. मामाने, आईने, कोणीतरी अडवेल. रूथ म्हणाली, येईल. पण ह्या वेळी एक कबूल केलं. तो आला नाही तर मी आत जाऊन नाव सांगायचं, ती अडवणार नाही.

४ मे, रवि.

प्रभुभोजन. रूथ आली. मार्थापण, आपणहून.

विल्सन शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एकटा. माझ्यासारखाच पूर्ण बाक मिळालाय त्याला. ताट फिरलं. रूथने भाकर घेतली. मार्थाने घेतली. मी पुढे सरकवलं. मागे वळून बघायचं नव्हतं, बघितलं. विल्सननेपण सरकवलं.

बाहेर पडताना तो दारात उभा. "सॅम," म्हणाला. मी थांबलो नाही. जड झालं पण थांबलो नाही. क्षमा करायची आहे हे मला माहीत आहे, प्रभू, तू सारखं आठवण करून देऊ नकोस. माझ्याकडे अजून नाही ती. खिसे उलटे करून दाखवू का? नाही. तू देशील तेव्हा देईन. तोवर रागावलेलाच येत राहीन. तुला चालवून घ्यावं लागेल.

५ मे, सोम.

पोलीस स्टेशनच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. हात नुसते राहत नाहीत म्हणून.

रूथ बाजूला खुर्चीत. ऊन चढलंय. मार्था पाण्याची बाटली भरायला गेली. आतल्या हवालदाराने दोनदा विचारलं, काका, काही काम आहे का. म्हटलं, वाट बघतोय.

रिक्षा येतात, जातात. एकपण थांबत नाही. रूथ रस्त्याकडे बघतेय, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतेय. प्रार्थना असेल. मला येत नाहीये. मी फक्त, प्रभू, प्रभू, एवढंच. शिवी दिल्यासारखं.

नाही आला. मी म्हटलंच होतं. रूथला म्हटलं, "जाऊ मी आत?" म्हणाली, "अजून थोडं."

एक रिक्षा समोर थांबली. विल्सन उतरला. पुढे आला नाही, दांडा धरून वाकून आत कोणाशी तरी बोलतोय. आत कोणीतरी आहे. इथून फक्त गुडघे दिसतात.

उतरत नाहीये.

रूथ म्हणते, "पप्पा, लिहिणं बंद करा. मला उभं करा."